केकवरची मलई आणि गोळीबंद पाक

पुणे-नाशिक रस्त्याने खेडचा घाट चढला की आंबेगाव तालुका लागतो आणि पेठ, मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा अशी गावे एकामागून एक येतात. या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत ज्या पाट्या वाढल्या, त्यांत केकच्या पाट्या डोळ्यांत भरतात. ‘लाइव्ह केक’, ‘होममेड केक’, ‘१०० टक्के एगलेस’. रस्ता सोडून आत गेले तरी चित्र फारसे बदलत नाही. ओतूरला, घोडेगावला, अगदी लहान वाड्यांवरही एखादी सून किंवा लेक घरच्या ओव्हनमध्ये केक करून विकते. बारसे, वाढदिवस, साखरपुडा, नवा ट्रॅक्टर, सरपंचाची निवड, सगळ्याला केक लागतो.

मी आयुष्यभर गृहविज्ञान शिकवले. त्यामुळे केकपेक्षा त्याच्यावरच्या पांढऱ्या थराकडे माझे लक्ष अधिक जाते. तो थर येतो कुठून? या दोन तालुक्यांत साखर पिकते असे म्हटले तरी चालेल. जुन्नरमध्ये निवृत्तीनगरला विघ्नहर सहकारी साखर कारखाना आहे, आंबेगावात पारगावजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. दुधाची तर गोष्टच वेगळी. १९९२ साली सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचा मोठा प्रकल्प मंचरजवळ आहे. तिथले तूप आणि चीज देशभर जाते. केकवर किसून घालायचे चॉकलेटही मंचरच्याच मोर्डे फूड्सचे मिळते. अंडी गावोगाव आहेत. आणि तरीही केकवरचे गुलाबाचे फूल यांतल्या बहुतेक कशाचेच नसते. ते असते पाम फळाच्या बीमधून काढलेल्या तेलाचे. हे तेल बहुधा इंडोनेशिया किंवा मलेशियाहून येते, त्याचे हायड्रोजनीकरण होते, त्यात पाणी, साखर, पायसीकारक आणि घट्ट करणारे पदार्थ मिसळतात आणि ते गोठवलेल्या खोक्यातून नारायणगावच्या दुकानात पोचते. बाजारात त्याला सरसकट ‘व्हिपिंग क्रीम’ म्हणतात. त्यात क्रीम म्हणजे दुधाची साय जवळजवळ नसतेच.

या खोक्याला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. त्याचे गुण खरे आहेत. ते पाच-सात मिनिटांत फुगते, तिपटी-चौपटीने वाढते, शिकाऊ हातालाही दाद देते, उन्हात लोण्यापेक्षा जास्त टिकते आणि अंड्याचा प्रश्नच काढून टाकते. घर सांभाळून दिवसाला तीन केक देणाऱ्या बाईने ते वापरले तर तिचे काय चुकले? मला सांगायचे आहे ते वेगळे. केक सजवण्याची दुसरी एक रीत आहे, शिजवलेल्या मेरँगच्या मलईची. ती परदेशी आणि अवघड म्हणून आपल्याकडे बाजूला ठेवली जाते. पण तिच्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे साखरेचा पाक, आणि तो आपल्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या येतो. आपले अडते ते पुढे, अंड्यापाशी. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या नाहीत, तर आपल्याला काय येते आणि काय नको आहे यांची गल्लत होते.

मेरँग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखर यांचा फेस. पांढऱ्या बलकात सुमारे नऊ भाग पाणी आणि एक भाग प्रथिने असतात. तो घोटला की प्रथिनांची गुंडाळी उलगडते आणि ती हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. साखर त्या जाळ्यातले पाणी धरून ठेवते, म्हणून फेस चकाकतो आणि लवकर बसत नाही. स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेन गावात गॅस्परिनी नावाच्या हलवायाने १७२० च्या सुमारास हा पदार्थ शोधला आणि गावावरून त्याचे नाव पडले, अशी गोष्ट सांगतात. (शेरलॉक होम्स ज्या धबधब्यात पडला असे मानले गेले तो याच गावाजवळचा, म्हणून गावाला गोष्टींचे वावडे नसावे.) पण फ्रेंच आचारी फ्रांस्वा मासियालो यांच्या १६९२ च्या पुस्तकात हा शब्द आधीच छापलेला आहे. आपल्या देशातले मेरँग पाहायचे असेल तर तमिळनाडूत तूतुकुडीला जावे. तिथले मॅकरून म्हणजे पांढरा बलक, साखर आणि काजू. बंदरातून आलेल्या पदार्थाने नारळ-बदाम शोधत न बसता जवळचा काजू धरला.

मेरँगचे तीन प्रकार मानतात. कच्च्या बलकात कोरडी साखर घालून घोटले तर फ्रेंच. ते ओव्हनमध्ये भाजायचे. बलक आणि साखर एकत्र वाफेवर गरम करून मग घोटले तर स्विस. आणि आधी फेसलेल्या बलकात उकळता पाक धारेने सोडला तर इटालियन. शेवटच्या दोन प्रकारांत पुढे लोणी घोटले की सजावटीची मलई तयार होते. हिला इंग्रजी पुस्तकांच्या मागून आपणही बटरक्रीम म्हणतो. पण पिठीसाखर आणि लोणी किंवा वनस्पती तूप फेटून जे आयसिंग करतात ते हे नव्हे. ते दाताखाली चरचरते आणि गोडमिट्ट लागते. शिजवलेल्या मेरँगची मलई जिभेवर विरघळते, गोडी बेताची असते आणि नोझलमधून काढलेल्या पाकळीची कड धारदार येते.

आता पाकाकडे येते. इटालियन रीतीच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेले असते की पाक ११८ अंश सेल्सिअसवर आणावा. हा आकडा पाहूनच पुष्कळ जणी पुस्तक मिटतात, कारण साखरेचा थर्मामीटर कोणाकडे असतो? पण हा आकडा आला कुठून? युरोपातले हलवाई थर्मामीटर येण्याआधी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाहत. मऊ गोळी वळली तर एक अवस्था, घट्ट वळली तर पुढची. नंतर कोणीतरी त्या अवस्थांना अंश चिकटवले. मऊ गोळी साधारण ११२ ते ११६, घट्ट गोळी ११८ ते १२१. म्हणजे मूळ कसोटी गोळीची आणि आकडा तिचा अनुवाद. आपल्याकडे हीच कसोटी एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा नावांनी जिवंत आहे. रव्याच्या लाडवाला तार पाहतात, तिळगुळाला वाटीतल्या पाण्यात थेंब टाकतात आणि ती गोळी वाटीच्या कडेवर आपटून ‘टण्’ वाजते का ते ऐकतात. तिळगुळाची गोळी इटालियन मेरँगच्या बरीच पुढची आहे. मेरँगला हवी ती तिच्या अलीकडची: पाण्यात टाकताच विरघळत नाही, बोटांत वळते, आकार धरते, पण दाबली तर चपटी होते.

गुऱ्हाळावर हेच काम गुळव्या करतो. काहिलीतला रस आटत आला की तो थोडा पाक पाण्यात टाकून पाहतो आणि मग काहील उतरवायला सांगतो. गुळाचा पाक उतरवण्याचा बिंदू पुस्तके साधारण ११८ अंशच देतात. पॅरिसच्या मिठाईवाल्याची आणि उसाच्या चुलवाणावर घामाने निथळणाऱ्या गुळव्याची बोटे एकाच गोळीवर येऊन थांबतात. यात गूढ काही नाही; पाकात पाणी किती उरले आहे हेच दोघे मोजत असतात.

यापुढची गोष्ट मात्र खास आमच्या भागाची आहे, आणि ती कुठल्याही पाककृतीत लिहिलेली मला आढळली नाही. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांच्या आधी, इथे ९८ च्या थोडे खालीच उकळते. पाकही तसाच. तेवढेच पाणी उरलेला पाक मुंबईत ११८ अंश दाखवील, तर जुन्नरात ११६ च्या आसपास. पुस्तकावर भरवसा ठेवून इथे काटा ११८ पर्यंत जाऊ दिला तर पाक दोन अंश पुढे गेलेला असतो. तो बलकात पडताच थोडा लवकर आवळतो, भांड्याच्या कडेला साखरेचे धागे आणि खडे धरतात. उपाय सोपा आहे. आधी नुसते पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते पाहायचे आणि शंभराला जितका फरक पडेल तितका पाकाच्या आकड्यातून वजा करायचा. किंवा काटा बाजूला ठेवून वाटीत पाणी घ्यायचे. गोळीला उंची-सखलपणाचा हिशेब लागत नाही.

हे मी मंचरजवळच्या एका गावात पाहिले. केक करणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. तिने ऑनलाइन मागवलेला थर्मामीटर पातेल्याला लावला होता. शेजारी तिची सासू ज्वारी निवडत बसली होती. काटा ११५ च्या पुढे सरकला आणि सासूबाई म्हणाल्या, “झाला गं तुझा पाक. बुडबुडं बघ ना, जड झालेत.”

“आत्या, अजून ११८ व्हायचंय.”

“तुझं मशीन म्हणतंय होय? वाटी आण इकडं.”

वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला. मऊसर, पण आकार धरणारी गोळी वळली. मी काट्याकडे पाहिले, तो ११६ च्या जरासा अलीकडे होता. मुलीने बीटर लावून पाक सोडायला घेतला. सासूबाई अंडे खात नाहीत, त्या पदर नाकाला लावून जरा लांब बसल्या. पण धार कशी सोडायची हे लांबूनच सांगत राहिल्या: बारीक, न तोडता, बीटरच्या तारांवर नको, कडेनेही नको, दोहोंच्या मधे. इटालियन मेरँगच्या प्रशिक्षणात हेच वाक्य फी घेऊन सांगतात.

पाकाचे आणखी दोन बारकावे आपल्या घरांत असतातच. आपल्याकडची बहुतेक साखर गंधकाच्या प्रक्रियेने पांढरी केलेली असते, तिच्या पाकावर मळी येते. चमचाभर दूध घालून ती काढायची सवय इथे चांगली उपयोगी पडते, कारण मलई दुधासारखी पांढरी हवी असते. फक्त मळी पूर्ण काढावी, दुधाची फुटी मागे राहू नये. दुसरे, पाकात लिंबाचे चार थेंब. त्याने थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि पाक रवाळ होत नाही. बलकातही लिंबू चालते, फेस टिकाऊ होतो. युरोपात यासाठी तांब्याचे भांडे वापरत. बलकातले एक प्रथिन तांब्याशी जोडले जाते आणि फेस लवकर फुटत नाही, असे हॅरल्ड मगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ‘नेचर’मध्ये दाखवले. आपल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई असते, म्हणून तो गुण त्यांत उतरत नाही. लिंबू पुरे. भांड्याला तुपाचा ओशटपणा मात्र अजिबात नको, आणि पिवळ्या बलकाचा ठिपकाही नको.

आता सुरक्षिततेचे, कारण इथे माझे मत प्रचलित समजुतीहून वेगळे आहे. उकळता पाक ओतला म्हणजे अंडे शिजले, असे सगळेच धरून चालतात. पण गार भांडे, गार बलक आणि हवा यांत त्या पाकाची उष्णता पसरते; मगी यांच्या मते सगळे मिश्रण ५५ ते ५८ अंशांपलीकडे सहसा जात नाही. साल्मोनेला जंतूंची खात्री करायला ७१ अंश हवेत. म्हणून लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे ज्या समारंभात जेवणार, तिथे मी स्विस रीतच सुचवते. चार अंड्यांचा पांढरा बलक, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम, आणि दुप्पट साखर एका पातेल्यात घ्यावी. साखर बारीक दाण्याची असली तर बरे. उकळी मंद असलेल्या पाण्यावर ते पातेले धरावे, तळ पाण्याला टेकू देऊ नये आणि सतत ढवळत राहावे. साखरेमुळे बलक लवकर गोठत नाही, म्हणून ७१ च्या पुढे ७५ पर्यंत निर्धास्त जाता येते. इथे थर्मामीटर हवाच. बोटांत चोळून दाणा लागत नाही ही खूण साखर विरघळल्याची आहे, जंतू मेल्याची नाही. आणि हा आकडा उंचीने बदलत नाही. मग खाली उतरवून घोटायचे. भांडे हाताला गार लागेपर्यंत आणि बीटर उचलल्यावर टोक पक्ष्याच्या चोचीसारखे किंचित वळून उभे राहीपर्यंत. दहा ते पंधरा मिनिटे लागतात. मधेच वीज गेली तर पंचाईत होते. थ्री-फेजचे वेळापत्रक पाठ असलेल्या शेतकऱ्याच्या घरात हे सांगायला नको.

यानंतर लोणी, साधारण ३०० ते ३५० ग्रॅम, बिनमिठाचे, बोट रुतेल इतके मऊ पण चकाकू न लागलेले. थोडे थोडे घालायचे. निम्मे लोणी गेले की फेस बसतो आणि मिश्रण नासल्यासारखे फुटके दिसते. नवख्या बाया इथे हात आखडतात आणि सगळे टाकून देतात. टाकू नये. घोटत राहिले की पाणी आणि स्निग्धांश पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि दोन-तीन मिनिटांत गुळगुळीत मलई येते. फारच पातळ वाटली तर भांडे दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. घट्ट गोळे राहिले तर भांड्याला बाहेरून कोमट पाण्याचा हात लावावा.

घरचे लोणी चालते का, हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारला गेला. चालते, पण ते ताजे हवे, दोन-तीन पाण्यांनी धुतलेले आणि ताक पूर्ण पिळून काढलेले. त्याला जो आंबूस वास असतो तो काहींना आवडतो. मला स्वतःला आंब्याच्या किंवा द्राक्षाच्या केकवर तो छान लागतो. म्हशीचे लोणी मिळाले तर सोन्याहून पिवळे, किंवा इथे उलटे म्हणावे लागेल, कारण ते गाईच्या लोण्यासारखे पिवळे नसून पांढरेशुभ्र असते आणि जरा उशिरा वितळते. सजावटीला दोन्ही गुण हवेच. आमच्याकडे संकरित गाई वाढल्या आणि म्हशी कमी झाल्या, हा दुधाच्या अर्थकारणाचा वेगळा विषय आहे.

अंड्यापाशी येते. जुन्नर तालुक्यात लेण्याद्री आणि ओझर, अष्टविनायकांतले दोन. चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार धरणारी घरे इथे भरपूर आहेत, माळकरी आहेत, जैन कुटुंबे आहेत. आणि वाढदिवस काही वार पाहून येत नाही. “बाई, अंड्याचा म्हटलं की निम्मी पंगत उठती,” असे मला ओतूरच्या एका केकवालीने सांगितले आणि तिचा हिशेब बिनतोड आहे. एकाच ओव्हनमध्ये दोन्ही केले तर भांड्यांचा विश्वास कोण धरणार? म्हणून ती सगळेच एगलेस करते.

धोका तिच्यापाशी नाही. तो आहे मलई चांगली झाली म्हणून त्यातले अंडे न बोलता खपवण्यात. केक कापताना ते कळत नाही, चवीतही कळत नाही. कायद्याने अंडे असलेला पदार्थ मांसाहारी खुणेखाली येतो. २०२० च्या लेबलिंग नियमांनी ती खूण आता तपकिरी त्रिकोणाची झाली आहे. घरून विकणारीलाही नोंदणी आणि ही खूण चुकत नाही. पण खुणेपेक्षा मोठी गोष्ट अशी की गावात गिऱ्हाईक म्हणजे भावकी असते. एका एकादशीचा विश्वासघात पुढची वीस वर्षे सांगितला जातो.

अंड्याशिवाय साखरेत हवा कोंडायची कला आपल्याला ठाऊक नाही असे नाही. लक्ष्मीपूजनाला लाह्यांबरोबर जो बत्तासा ठेवतो, तो साखरेचा फेसच आहे. तापल्या पाकात सोडा पडला की वायू सुटतो आणि पाक गार होता होता ते बुडबुडे आत अडकतात. मात्र बत्तासा ठिसूळ राहतो, त्याची मलई होत नाही. प्रथिनांचे जाळे नसल्याने तो लोण्याला धरून ठेवू शकत नाही. ते जाळे देणारी शाकाहारी गोष्ट फ्रान्समध्ये जोएल रोसेल यांनी २०१४ साली दाखवली: डब्यातल्या कडधान्यांचे पाणी. पुढच्या वर्षी त्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ असे नाव मिळाले. पुरणपोळीच्या दिवशी डाळीवर येणारा फेस ज्यांनी उतू जाताना पुसला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. कट आपण आमटीला वापरला, फेसायचे सुचले नाही, इतकेच.

काबुली चणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात बिनमिठाचे शिजवावेत आणि रात्रभर त्याच पाण्यात गार होऊ द्यावेत. सकाळी पाणी गाळून बलकाइतके दाट होईपर्यंत आटवावे. ते गार असताना लिंबाच्या थेंबांसह घोटावे; अंड्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. फेस उभा राहिला की तोच गोळीबंद पाक, तीच बारीक धार. इथे इटालियन रीतच बरी, कारण चण्याची प्रथिने बलकासारखी उष्णतेने गोठून फेसाला आधार देत नाहीत, तो आधार दाट पाकच देतो. लोणी घातल्यावर चण्याचा वास राहत नाही, थोडी वेलची घातली तर मुळीच नाही. ही मलई अंड्याच्या मलईपेक्षा किंचित मऊ असते. हिची बारीक पाकळी नीट येत नाही, पण शंख, लाटा, कडेची वेल सुंदर येते.

उन्हाळ्यात यातले काहीच जमत नाही, हेही सांगितले पाहिजे. लोणी तिशीच्या पुढे सैल पडते. मेमध्ये दुपारी जुन्नरच्या मंडपात ही मलई पंधरा मिनिटांत घसरेल, आणि तिथे खोक्यातले क्रीमच घ्यावे. मंचरजवळच्या त्या मुलीने म्हणून आपली वही दोन भागांत केली आहे. दिवाळी ते महाशिवरात्र लोण्याच्या मलईच्या ऑर्डरी, त्याही आदल्या दिवशी सांगितल्या तरच. उरलेले वर्ष खोके. लोण्याच्या पानावर प्रत्येक नावापुढे ‘अं’ किंवा ‘च’ लिहिलेले असते, अंड्याची किंवा चण्याची. गेल्या थंडीत ‘च’ जास्त होते. त्या केकांचा पाक सासूबाई करून देतात, आणि पदर नाकाला न लावता.